पठारावरचा दाखला

नायजेरियाच्या नकाशात मध्यभागाच्या जरा पूर्वेला प्लॅटो हे राज्य आहे. राजधानी अबुजाहून मोटारीने निघालं, की आधी सखल, तापलेला, उंच गवताचा मुलूख लागतो. मग हवान किबोचा घाट सुरू होतो. जवळच अस्सोपचा धबधबा आहे, पुढे रियोमला रस्त्याकडेलाच एकावर एक रचल्यासारखे अवाढव्य दगड उभे आहेत, आणि घाटमाथा आला की खिडकीतून येणारी हवाच बदलते. राज्याची राजधानी जॉस समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी खाली. शहराजवळच्या शेरे डोंगराचं टोक 1,829 मीटरवर जातं. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमाटन वारा बारीक धूळ घेऊन येतो. ओठ फुटतात, पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते. पावसाळ्यात अधूनमधून गाराही पडतात.

मी भूगोलाची शिक्षिका. 1970 च्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला, 1976 साली तिथल्या सरकारने सर्वांसाठी प्राथमिक शिक्षण मोफत केलं, आणि पाठोपाठ माध्यमिक शाळा भराभर निघाल्या. शिक्षक पुरेनात. तेव्हा भारतातून करारावर तिथे गेलेल्या शिक्षकांमध्ये माझे पती आणि मी होतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची आमची वर्षं जॉसमध्ये गेली. परत आल्यावरही त्या राज्याची बातमी दिसली की मी थांबून वाचते. गेल्या पंचवीस वर्षांत त्या बातम्या फार वेळा माणसं मेल्याच्याच असतात. इतक्या सुंदर पठारावर हे का व्हावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो सांगायचा तर भूगोलापासूनच सुरुवात करावी लागते.

या पठाराच्या पोटात ग्रॅनाइट आहे आणि त्या ग्रॅनाइटमधून झिजून आलेलं कथील जुन्या ओढ्यांच्या गाळात साठलेलं होतं. स्थानिक लोक ते पूर्वीपासून गाळून, वितळवून काढत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांना त्याचा माग लागला आणि मग पठार पालथं घातलं गेलं. झारियाहून बुकुरूपर्यंत छोट्या मापाची रेल्वे आली, 1927 च्या सुमारास समुद्रकाठच्या पोर्ट हार्कोर्टपासूनचा मोठा लोहमार्ग जॉसला पोचला. खाणींना वीज हवी म्हणून 1929 साली कंपनी निघाली आणि कुर्रा धबधब्यावर जलविद्युत केंद्र उभं राहिलं. गाळ उपसताना मातीच्या हजारो वर्षांपूर्वीच्या मूर्तीही वर आल्या. त्यातलं एक मस्तक 1943 साली सुरणासारख्या यामच्या शेतात बुजगावणं म्हणून लावलेलं सापडलं. बर्नार्ड फॅग या अधिकाऱ्याने त्याचं मोल ओळखलं, नोक संस्कृतीचा अभ्यास सुरू झाला आणि 1952 साली जॉसचं वस्तुसंग्रहालय उघडलं. मुलांना मी तिथे नेत असे. आपल्याच आसपासच्या मातीत इतकं जुनं काम सापडलंय, हे कळल्यावर त्यांचे चेहरे फुलत.

खाणीला माणसं लागतात. हौसा उत्तरेकडून आले, योरुबा आणि इग्बो दक्षिणेकडून. कुणी मजूर, कुणी रेल्वेत कारकून, कुणी शिंपी, कुणी व्यापारी. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला, तिथलं कथील ब्रिटिशांच्या हातून गेलं, आणि 1942 ते 1944 या काळात उत्तर नायजेरियातल्या सुमारे 1 लाख शेतकऱ्यांना सक्तीने या खाणींवर आणण्यात आलं. थंडी, उपासमार आणि रोगाने त्यांतले कित्येक मेले. पठारावर मूळचे राहणारे बेरोम, अफिझेरे, अनागुटा हे लोक निवडुंगाची कुंपणं घालून लहान लहान वाड्यांमध्ये शेती करत होते. आचा हे त्यांचं बारीक दाण्याचं धान्य. त्यांची जमीन खाणीखाली गेली आणि उरले ते खड्डे. आजही जॉस, बुकुरू, बार्किन लादीच्या परिसरात हिरव्या-निळ्या पाण्याची शेकडो तळी दिसतात. त्यांत मुलं बुडतात. आणि त्याच पाण्यावर पंप लावून उन्हाळी बटाटा, कोबी, गाजरं, टोमॅटो पिकतात. बोक्कोस आणि मांगू भागातला बटाटा देशभर जातो. ही भाजी पाहिल्यावर आम्हा भारतीय बायकांना केवढा आधार वाटला होता, ते सांगून कळणार नाही.

आणखी एका गोष्टीमुळे लोक आले. खालच्या दमट मुलखात गुरांना मारणारी त्सेत्से माशी असते. उंचावर ती नाही. म्हणून फुलानी गुराखी कळप घेऊन पठारावर चढले आणि कित्येक कुटुंबं स्थिरावली. व्होमला 1924 पासून गुरांच्या रोगांवरची संशोधन संस्था आहे, ती यामुळेच.

हे सगळं राज्याच्या वरच्या, उत्तरेकडच्या भागाचं. दक्षिणेला पठार उतरतं आणि बेनुए नदीच्या खोऱ्याकडे झुकतं. शेंडाम, लांगतांग, वासे हे तालुके उष्ण, भात आणि यामचे. वासेला ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा सुमारे 300 मीटर उंचीच्या सुळक्यासारखा उभा आहे आणि त्यावर पांढरे पाणकोळी वीण घालतात. गोएमाय, तारोक, न्गास, म्वाघावुल, रोन अशा चाळीसहून अधिक जमाती या एका राज्यात राहतात. जॉसला एकीकडे नायजेरियातल्या दोन मोठ्या प्रोटेस्टंट चर्चची मुख्य कार्यालयं, तर दुसरीकडे इझाला ही मुसलमानांची सुधारणावादी चळवळ 1978 साली याच शहरात सुरू झाली. कोणा एकाचं बहुमत इथे सहजासहजी होत नाही. माझ्या मते तेच या राज्याचं वैभव होतं.

राज्य म्हणून प्लॅटोचा जन्म 3 फेब्रुवारी 1976 चा. त्याआधी 1967 साली तेव्हाचे लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल याकुबू गोवोन यांनी देशाची 12 राज्यं केली, त्यात बेनुए-प्लॅटो हे एक होतं. गोवोन स्वतः इथल्याच लुर गावचे न्गास, पण वाढले दूर झारियाला. त्यांच्यानंतरचे राष्ट्रप्रमुख मुर्तला मोहम्मद यांनी 1976 मध्ये बेनुए-प्लॅटोचे दोन भाग केले आणि दहाच दिवसांनी बंडात ते मारले गेले. त्या बंडाचा म्होरक्या लेफ्टनंट कर्नल दिमका प्लॅटोचा होता. जुन्या बेनुए-प्लॅटोचे गव्हर्नर राहिलेले जोसेफ गोमवॉक यांना त्याच वर्षी गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. इतक्या भयंकर आरंभातून हे राज्य उभं राहिलं. 1996 साली त्यातून नसरावा वेगळं निघालं. उरलेल्या प्लॅटोची लोकसंख्या 2006 च्या जनगणनेत सुमारे 32 लाख भरली. त्यानंतर देशात जनगणनाच झालेली नाही. 2023 साठी ठरलेली पुढे ढकलली गेली. 2006 मध्ये धर्म आणि जमात हे प्रश्न मुद्दाम वगळले होते, कारण उत्तरांवरून भांडणं पेटली असती.

तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे नेमलेले राज्यपाल नव्हेत. तो लोकांनी थेट निवडलेला, चार वर्षांसाठी, जास्तीत जास्त दोन वेळा. पहिले निवडून आलेले गव्हर्नर सोलोमन लार, 1979 चे. आम्ही गेलो तेव्हा तेच होते. आज 2023 पासून कॅलेब मुत्फवांग आहेत. विधानसभा एकच सभागृहाची, 24 आमदारांची. राष्ट्रीय सिनेटमध्ये राज्याचे 3 आणि खालच्या सभागृहात 8 सदस्य. त्याखाली 17 स्थानिक शासनं, प्रत्येकाचा निवडलेला अध्यक्ष आणि कौन्सिलर. शिवाय पारंपरिक राजे आहेत: जॉसचा ग्बोंग ग्वोम, शेंडामचा लाँग गोएमाय, लांगतांगचा पोंझी तारोक. त्यांच्याकडे कायदे करायचा अधिकार नाही, पण गावात तंटा झाला की आधी त्यांचाच शब्द ऐकला जातो.

पैसा मात्र बहुतेक वरून येतो. तेलाचं उत्पन्न आणि मोठे कर देशाच्या एका सामायिक खात्यात जमतात आणि दर महिन्याला वाटले जातात: केंद्राला 52.68 टक्के, सर्व राज्यांना मिळून 26.72, स्थानिक शासनांना 20.60. स्थानिक शासनांचा वाटा वर्षानुवर्षं राज्य सरकारच्या हातून जात असे आणि वाटेत अडत असे. 11 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो थेट द्या असा निकाल दिला. म्हणजे स्थानिक शासन कुणाच्या हाती आहे, याला पैशाचं मोल आहे. आणि स्थानिक शासनाच्याच कचेरीतून एक कागद मिळतो, ज्याच्याविषयी मला मुख्यतः लिहायचं आहे.

तो कागद म्हणजे इंडिजीन असल्याचा दाखला. अमुक माणूस या स्थानिक शासनाच्या हद्दीतल्या मूळ समाजाचा आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, विद्यापीठातल्या राखीव जागा, कमी फी, निवडणुकीला उभं राहणं, सगळ्याला तो लागतो. घटनेने केंद्रातल्या पदांची वाटणी सर्व राज्यांमध्ये व्हावी असं सांगितलं; राष्ट्राध्यक्षाने प्रत्येक राज्याचा किमान एक मंत्री घ्यायचा आणि तो त्या राज्याचा इंडिजीन असायचा. हेतू चांगला होता, लहान जमाती मागे पडू नयेत हा. पण राज्याचा कोण, हे आई-वडील किंवा आजी-आजोबा तिथल्या मूळ समाजातले असण्यावर ठरवलं आणि मूळ समाज कोणते हे कुठेच लिहिलं नाही. ते ठरवायचं राहिलं कचेरीतल्या माणसाकडे.

माझ्या वर्गात एक योरुबा मुलगा होता. आजोबा ऑग्बोमोशोहून कापडाच्या व्यापारासाठी आलेले, वडील जॉसमध्येच जन्मलेले, घरात योरुबा आणि बाहेर हौसा बोलणारा. नकाशा काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. विद्यापीठाचा अर्ज भरताना ‘मूळ राज्य’ या रकान्यात त्याने आजोबांचं ओयो लिहिलं. मी विचारलं, “ओयोला कधी गेलास का?” तो म्हणाला, “नाही, मॅडम. पण इथलं लिहिलं तर दाखला कोण देईल?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. ओयोला गेला असता तर तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं.

जॉसच्या हौसांना सुरुवातीला असे दाखले मिळत असत. 1990 च्या आसपास ते बंद होऊ लागले. 1991 साली लष्करी सरकारने जॉस नॉर्थ हे वेगळं स्थानिक शासन केलं. त्यात हौसांची संख्या मोठी, आणि बेरोम, अफिझेरे, अनागुटा यांना वाटलं की शहर आपल्या हातून काढून घेतलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. हौसा म्हणतात, हे शहर आमच्या आजोबांनी वसवलं. बेरोम म्हणतात, खाणींनी आमची शेतं घेतली, आता उरलेलं गाव तरी आमचं असू द्या. दोघांचंही दुःख खरं आहे. कागदाने त्यांतल्या एकालाच खरं ठरवलं.

सप्टेंबर 2001 मध्ये एका सरकारी पदावर हौसा माणूस नेमला गेल्याच्या वादातून जॉस पेटलं आणि काही दिवसांत हजाराच्या आसपास माणसं मेली. 2004 मध्ये दक्षिणेत येल्वाला कत्तल झाली आणि 18 मे रोजी केंद्राने आणीबाणी लावून गव्हर्नर आणि विधानसभा सहा महिने बाजूला ठेवली. नोव्हेंबर 2008 मध्ये निमित्त होतं जॉस नॉर्थच्या अध्यक्षपदाची निवडणूक. 2010 मध्ये पुन्हा. त्यानंतर आग खेड्यांत गेली, शेतकरी आणि गुराखी यांच्यात. 2023 च्या नाताळात बोक्कोस आणि बार्किन लादीच्या गावांवर हल्ले होऊन शंभराहून अधिक लोक मारले गेले. जॉसमध्ये पूर्वी मिसळून असलेल्या वस्त्या आता ख्रिस्ती आणि मुसलमान अशा वेगळ्या झाल्या आहेत. बातम्यांत याला धर्मयुद्ध म्हणतात. धर्म आहेच त्यात, पण प्रत्येक वेळी ठिणगी कुठे पडली ते पाहा: पद, निवडणूक, जमीन. ज्या कचेरीतून दाखला निघतो, तिच्यावर ताबा कुणाचा, हा तिथे पोटाचा प्रश्न आहे. आणि हाच कागद उत्तरेत हौसांच्या कानोला गेलेल्या बेरोमालाही नाकारला जातो, हे विसरू नये.

मतदारांच्या मताचीही तिथे परवड झाली. 2023 च्या निवडणुकीनंतर, गव्हर्नरच्या पक्षाने न्यायालयाचा एक जुना आदेश पाळला नाही म्हणून अपील न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली आणि त्याच पक्षाच्या 16 आमदारांच्या जागा काढून घेतल्या. 12 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नरला पद परत दिलं आणि पक्षांतर्गत बाब तपासणं हीच चूक होती असं सांगितलं. पण आमदारांच्या खटल्यात अपील न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो, त्यामुळे ते 16 जण परत आले नाहीत. 24 पैकी 16 मतदारसंघांचा कौल असा पुसला गेला.

दाखल्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. जो एखाद्या गावात जन्मला, किंवा ठरावीक वर्षं तिथे राहून कर भरतो, त्याला तिथला दाखला मिळाला पाहिजे. आणि खाणीत जमीन गेलेल्यांच्या मुलांना त्या नुकसानीपोटी वेगळं, नाव घेऊन काहीतरी दिलं पाहिजे, म्हणजे एकाला देताना दुसऱ्याला नाकारावं लागणार नाही. त्यासाठी घटना बदलावी लागेल: राष्ट्रीय संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि 36 पैकी किमान 24 राज्यांच्या विधानसभांची संमती. त्या संमत्यांमध्ये पहिली जॉसहून यावी, असं मला मनापासून वाटतं.