उचल, खर्ची आणि क्ष

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दारांना कुलपं दिसू लागतात. भात, नागली, वरई घरात आलेली असते, पण वर्षभर पुरेल एवढी नाही. मग बिऱ्हाडं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. शेठकडून उचल आधीच घेतलेली असते. (उचलीपायी माणूस बांधून ठेवणं १९७६च्या कायद्याने गुन्हा आहे, उचल मात्र चालूच आहे.) मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब होतो हंगामाच्या शेवटी. आठवीतलं एकचल समीकरण ते हेच.

समजा, उचल ३०,००० रुपये. जोडपं आठवड्याला तीन हजार विटा पाडतं. हजारामागे ९०० रुपये धरले तर मजुरी २,७००. त्यातून खर्ची १,२०० वजा, उरले १,५००. क्ष आठवड्यांनी हातात किती? १,५००क्ष − ३०,०००. हे शून्य झालं की उचल फिटली, म्हणजे क्ष = २०. नोव्हेंबरच्या मध्याला काम धरलं तर एप्रिल उजाडतो. होळीला घरी येणारं जोडपं अजून देणंच लागत असतं.

शाब्दिक उदाहरणात पोरं अडतात ती सोडवताना नव्हे, मांडताना. कुठला आकडा क्षला चिकटतो आणि कुठला सुटा राहतो, सगळी मेख तिथे. उचल एकदाच घेतलेली, ती सुटी. मजुरी आणि खर्ची दर आठवड्याची, म्हणून क्षबरोबर. उचल ३,०००ने वाढली तर दोनच आठवडे वाढतात. दर ९००चा ८०० झाला, तर आठवड्याला १,२०० उरतात आणि क्ष थेट २५ वर जातो. दर नवव्या हिश्श्याने उतरला, राबणं चौथाईने वाढलं! घासाघीस करायचीच तर आधी दराची करावी.

कर्ज समीकरणात बसवण्याची रीत आपल्याकडे जुनी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त विचारलं होतं : एकाकडे ३०० नाणी व सहा घोडे; दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर १००चं ऋण. दोघांची मत्ता सारखी, तर घोडा केवढ्याचा? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. घोडा शंभराचा.

भट्टीवर आणखी एक खोच असू शकते. फुटतूट म्हणून हजाराच्या जागी ११२५ विटा मोजून घेतल्या, तर तीन हजार विटांचे २,४००च रुपये पडतात. म्हणजे पुन्हा २५ आठवडे, आणि तेही बोलीतला दर ९००च असताना.