उंचीवर जोम नव्हे, वेळ कामी येतो

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने थेट लेहला उतरणारा सोलापूरकर काही तासांतच अशा हवेत पोहोचतो, जिचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते, पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. मग डोके दुखते, मळमळते, झोप उडते. हा अशक्तपणा नव्हे. शरीराचे जुळवून घेणे अजून अपुरे असल्याची ती खूण आहे. प्राणवायू घटल्याचे मानेतील धमन्यांलगतच्या संवेदक पेशींना लगेच कळते आणि श्वास वाढतो. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात तेव्हा कुठे तो सैल होतो, आणि याला काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे जातात.

‘आम्ही गडकिल्ले चढतो, आम्हाला काय होणार?’ असा प्रश्न येतोच. पण महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखरही १,६४६ मीटरचेच आहे. व्यायामाने स्नायू आणि हृदय तयार होतात. मूत्रपिंडांचे हे काम आधी उरकून ठेवता येत नाही. उलट धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी वेगाने चढतो आणि धोका ओढवून घेतो. सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले. अशा मोहिमांत तळछावणीच्या वर चढ-उतार करत शरीराला सवय लावण्यातच कित्येक आठवडे जातात. ॲसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे काम लवकर सुरू करून देते, पण विश्रांतीची जागा घेत नाही.

दुसरा आक्षेप जनुकांचा. तिबेटी लोकांतील ‘ईपास-१’ जनुकाच्या वेगळ्या रूपाचा शोध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे उंचीवरही त्यांचे रक्त आपल्याइतके दाट होत नाही आणि हृदयावरचा भार टळतो. ही देणगी आपल्याला नाही, हे खरे. म्हणूनच आपल्याला सावकाशपणाची गरज अधिक आहे. लेहमध्ये पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. बसल्याजागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर तातडीने खाली उतरून उपचार घ्यावेत. सहल आखताना हे दिवस वाया गेलेले समजू नयेत. पुढची सगळी वाट त्यांच्याच बळावर चालायची असते.