कुरकुरीत आवरणाचा तळलेला मासा : उदगीर परिसरातील गोड्या पाण्याच्या माशांच्या संदर्भात एक विवेचन

पांढऱ्या मांसाच्या माशाचे काटे काढून केलेले सपाट तुकडे, म्हणजे ज्यांना आता मराठीतही फिलेट असेच म्हटले जाते ते, पीठ, फेटलेले अंडे व पावाचा चुरा यांत क्रमाने घोळवून तळणे ही रीत मूळची युरोपीय होय. कोकणात मासा तळला जातो तो बहुधा रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून. मीठ, हळद, तिखट व कोकमाचे आगळ लावलेल्या तुकडीच्या अंगचा ओलावाच तेथे पीठ धरून ठेवतो, अंड्याचे साहाय्य लागत नाही. पोर्तुगीज वळणाच्या गोमंतकीय स्वयंपाकात मात्र पावाच्या चुऱ्याचे आवरण रुळलेले आहे. कोळंबीच्या सारणाचे रिसॉईस हे त्याचे परिचित उदाहरण. या दोन्ही परंपरा किनाऱ्यावरच्या. उदगीरपासून अरबी समुद्र काय किंवा बंगालचा उपसागर काय, सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांच्या आत येत नाही. अशा ठिकाणी हा पदार्थ घरी करू जाता पुष्कळदा असा अनुभव येतो की, कढईत सोनेरी दिसलेले आवरण ताटात येईतो मऊ पडते, किंवा तुकड्यापासून सुटून वेगळे होते. दोष सामान्यतः कृतीला दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ बहुतांशी माशाच्या निवडीत व माशातील पाण्याच्या हालचालीत असते. आणि ती निवड उदगीरसारख्या गावी किनाऱ्याच्या अनुकरणाने न करता जवळच्या नद्या-तलावांकडे पाहून करणे अधिक युक्त ठरते.

माशाच्या मांसात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश पाणी असते. तेल १८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापलेले असता त्यात तुकडा सोडल्याबरोबर आवरणातील पाण्याचे बाष्प होऊ लागते. कढईत उसळणारे बुडबुडे ते या बाष्पाचेच. (उदगीरची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते, तळणाच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे.) बाष्प जोराने बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. तसेच आवरणात पाणी शिल्लक असेपर्यंत त्याचे उष्णतामान उत्कलनबिंदूच्या फारसे वर जाऊ शकत नाही. पृष्ठभाग कोरडा झाला म्हणजे मगच ते चढू लागते, पिष्टाचे कवच काचेसारखे ठिसूळ बनते, आणि शर्करा व प्रथिनांचे घटक यांच्यामधील ती विक्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई कामिय मेलार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. तांबूस रंग व खमंग वास ही तिचीच फळे होत.

तुकडा तेलाबाहेर काढल्यानंतरचा काळ तितकाच महत्त्वाचा आहे, आणि पाककृतींच्या पुस्तकांत नेमके त्याचेच विवेचन सहसा आढळत नाही. आवरणाच्या छिद्रांतील बाष्प निवून त्याचे पाणी होते, त्यामुळे तेथील दाब घटतो व पृष्ठभागावर राहिलेले तेल आत ओढले जाते. तळलेल्या पदार्थात शोषले जाणारे तेल बऱ्याच अंशी या निवण्याच्या वेळी शोषले जाते. तेव्हा निथळण्याचे जे काम करावयाचे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात झाले पाहिजे. दुसरीकडे, मासा आतून ओला व आवरण बाहेरून कोरडे अशी विषमता असल्याने आतील ओलावा आवरणाकडे सरकतच राहतो. काही टक्के पाणी परत शोषले गेले तरी काचेसारखे कवच चामट होते. म्हणजे आवरणाला पाण्याचा धोका दोन वेळा असतो : तळणापूर्वी माशाच्या पृष्ठभागावर असलेल्या पाण्याचा, आणि तळणानंतर आतून येणाऱ्या पाण्याचा.

तीन थरांची योजना या दृष्टीने पाहिली असता तिच्यातील युक्ती ध्यानात येते. कोरडे पीठ तुकड्यावरील ओलावा टिपते व अंड्याला पकड देते. ओल्या तुकड्यावर थेट अंडे लावले तर ते ओघळून जाते. अंड्यातील प्रथिने तापताच गोठतात व पीठ आणि चुरा यांना एकत्र बांधतात. चुरा हा आधीच भाजला गेलेला व सच्छिद्र असल्याने त्याला स्वतः शिजण्यास वेळ लागत नाही. तो केवळ वाळतो व तांबूस होतो, आणि तेवढ्या अवधीत आतील नाजूक मांस जेमतेम शिजून निघते. माशाचे मांस साठ-पासष्ट अंशांना शिजते व त्यापुढे झपाट्याने पाणी सोडू लागते. जास्त वेळ तळल्याने मासा अधिक कुरकुरीत होईल ही समजूत म्हणूनच घातक आहे : आतून सुटलेले पाणी आवरणातच येऊन पोहोचते.

आता माशाविषयी. शहरांतून मिळणारे गोठवलेले फिलेट, विशेषतः बासा या नावाने विकले जाणारे व्हिएतनामी पंगसाचे, बिनकाट्याचे व सोयीचे असतात. परंतु गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटलेल्या असतात, आणि तुकडे वाळू नयेत म्हणून त्यांवर बर्फाचा पातळ लेपही चढविलेला असतो. ते घाईने वितळवून तसेच पिठात घोळविले तर आवरण टिकण्याची आशा धरू नये. शीतकपाटात रात्रभर सावकाश वितळवून, निथळून, स्वच्छ फडक्याने दाबून पुसले तर स्थिती बरीच सुधारते.

याउलट मराठवाड्याच्या नद्या-तलावांतील मरळ हा मासा या कामासाठी जणू घडविलेला आहे. त्याचे मांस पांढरे, घट्ट व कमी चरबीचे असून त्यात बारीक काटे फारच थोडे असतात. हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने त्याला दिली असल्याने तो ओलसर भांड्यात बराच वेळ जिवंत राहतो, आणि म्हणून बर्फाविना बाजारात जिवंत विकला जाऊ शकतो. समुद्रापासून दूर असलेल्या गावी ताजेपणाची याहून चांगली हमी कोणती? महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून समुद्रातील पापलेटाची निवड केली, तर उदगीरपासून जवळच सीमा असलेल्या तेलंगणाने तो मान मरळीला दिला आहे, तेथील भाषेत कोरमीनूला. १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात मोडणाऱ्या उदगीरला या बाबतीत मुंबईच्या आवडीपेक्षा पूर्वेकडील शेजाऱ्यांची आवड अधिक मानवणारी आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मरळीची अडचण एकच, ती महाग असते. तिरू प्रकल्पासारख्या जलाशयांत मत्स्यबोटुकली सोडली जाते ती प्रामुख्याने कटला, रोहू व मृगळ या जातींची, आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांची मिळकत त्यांवरच अवलंबून असते. या माशांच्या मांसात स्नायूंच्या आत रुतलेले, टोकाशी दुभंगलेले असे बारीक काटे असतात. त्यांच्या भीतीने अनेक घरांतून, विशेषतः लहान मुलांच्या ताटातून, हे मासे वर्ज्य होतात. आणि जो मासा ग्राहक भीत भीत घेतो त्याला भाव मिळत नाही. या काट्यांचा प्रश्न घरगुती तळणाच्या संदर्भात सुटला तर तो केवळ स्वयंपाकघराचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय उदगीर येथे असल्याने या प्रश्नाचे अध्ययन तेथे होणे स्वाभाविकही आहे.

समुद्र नसलेल्या लोकांनी अशा काटेरी माशाचे काय केले याचे एक उदाहरण मध्य युरोपात सापडते. दक्षिण बोहेमियातील त्रेबोन परिसरात सोळाव्या शतकात मोठमोठे मत्स्यतलाव बांधले गेले. त्यांपैकी रोझम्बेर्क हा सर्वांत विस्तीर्ण तलाव १५९० मध्ये पुरा झाला. त्यांत वाढविलेला कार्प मासा, म्हणजे रोहू-कटल्याच्याच कुळातील, चेक कुटुंबांत नाताळच्या आदल्या रात्री पीठ, अंडे व पावाचा चुरा यांत घोळवून तळतात आणि बटाट्याच्या कोशिंबिरीबरोबर वाढतात. काटे असतात, पण तेथील लोकांनी त्यासाठी मासा सोडला नाही.

काट्यांवर उपाय दोन आहेत. पहिला असा की, त्वचा न काढता फिलेट करून मांसाच्या बाजूने तीन-चार मिलिमीटरांच्या अंतराने धारदार सुरीने चिरा द्याव्यात. सुरी त्वचेपर्यंत जावी, त्वचा मात्र कापू नये. काट्यांचे बारीक तुकडे होतात व गरम तेल चिरांत शिरून ते इतके ठिसूळ करते की जिभेला जाणवत नाहीत. अशा तुकड्यास चुऱ्याचे जाड आवरण देण्यापेक्षा चिरा उघडून त्यांत नुसते पीठ भुरभुरविणे बरे, कारण चुरा चिरा बुजवून टाकतो. दुसरा उपाय मांस वाफवून, बोटांनी काटे वेचून, उकडलेल्या बटाट्यात मिसळून वड्या करण्याचा. वडीत फिलेटचे पापुद्रे राहत नाहीत हे खरे, पण घरात लहान मुले असतील तर हाच उपाय श्रेयस्कर.

चुऱ्याविषयीही थोडे विवेचन करणे अवश्य आहे. मराठीत कुरकुरीत व खुसखुशीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि हा भेद येथे उपयोगी पडतो. रव्याचे कण कच्चे व टणक असल्याने ते पाणी सावकाश शोषतात व कुरकुरीतपणा देतात; पावाचा सच्छिद्र चुरा दाताखाली सहज मोडतो, त्यात खुसखुशीतपणाचा अंश असतो. बेकरीतील पाव दोन दिवस उघडा वाळवून हाताने भरड चुरावा. फार बारीक केला तर त्याचे पिठासारखे दाट लिंपण बनते. सोलापूर-लातूरकडील ज्वारीची कडक भाकरी मुळातच पातळ, वाळलेली व ठिसूळ असते. ती भरड कुटून पावाच्या चुऱ्यात निम्मी मिसळावी. ज्वारीच्या प्रथिनांना गव्हाच्या ग्लुटेनसारखी चिवट जाळी विणता येत नाही. भाकरी थापताना जो अवगुण वाटतो, तोच येथे गुण होतो. त्याच कारणास्तव पहिल्या थरासाठी मैद्याऐवजी ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ वापरणे इष्ट.

प्रत्यक्ष कृती अशी. दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यांना मीठ, हळद व थोडे तिखट लावून पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ पाणी बाहेर ओढते व पृष्ठभागावरील काही प्रथिने विरघळवून तो किंचित चिकट करते. सुटलेले पाणी पुसून टाकावे. लिंबाचा रस या वेळी लावू नये, तो वाढताना द्यावा. एका हाताने कोरडे व दुसऱ्या हाताने ओले पदार्थ हाताळीत तिन्ही थर द्यावेत, जादा पीठ झटकावे, चुरा हलकेच दाबावा, आणि तुकडे दहा मिनिटे तसेच राहू द्यावेत, म्हणजे थर एकमेकांस धरतात. तेलापैकी घाण्याचे करडईचे तेल लवकर धुरावते. शेंगदाण्याचे किंवा शुद्ध केलेले कोणतेही तेल अधिक योग्य. उष्णतामापक नसेल तर पावाचा लहान चौकोनी तुकडा टाकून पाहावा. तो मिनिटभरात तांबूस झाला म्हणजे तेल तयार समजावे. एका वेळी दोन-तीनच तुकडे सोडावेत, नाहीतर तेल निवते, बाष्पाचा जोर मंदावतो व आवरण तेल पिते. दर बाजूस दोन मिनिटे पुरतात.

तळलेले तुकडे काढताच कढईवर क्षणभर निथळून तारेच्या जाळीवर उभे-आडवे सुटे ठेवावेत. ताटात ठेवले तर खालच्या बाजूचे बाष्प तेथेच कोंडते व ती बाजू प्रथम मऊ पडते. वर्तमानपत्राचा कागद तर शाईमुळे मुळीच वापरू नये. झाकण घालू नये, एकावर एक रचू नये. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने चुरा आधीच सर्द झालेला असतो, तेव्हा तो तव्यावर कोरडाच परतून, पूर्ण निववून मग घ्यावा; वैशाखातील उदगीरच्या कोरड्या हवेत याची गरज पडत नाही.