दुसऱ्याच्या गाण्यात वाजलेली सतार आणि स्वतःच्या नावाचे पुस्तक

‘हाताला हुनर असेल तर माणूस उपाशी राहत नाही,’ असे आपले बुजुर्ग सांगत आले. ते खरेच आहे. पण हुनर पोट भरते, नाव राखतेच असे नाही. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूचेच पाहा. सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन कारागिराने दिवसच्या दिवस मागावर बसून शाल विणली, तरी ती विकली जाते दुकानाच्या नावाने. विणणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही.

असाच आणखी एक कारागीर आहे: चित्रपटाच्या गाण्यात वाजवणारा साजिंदा. संगीताबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरायचे नाही. मजुरीवर काम करणाऱ्या एका हुनरमंदाने आपली रोजी कशी कमावली आणि आपले नाव कसे राखले, एवढेच या पानासाठी पाहायचे आहे. तो हुनरमंद म्हणजे मरहूम उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान.

साजिंद्याचा धंदा

मुंबईच्या ताडदेवचा फेमस स्टुडिओ किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ म्हणजे या धंद्याचे कारखाने. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तेथे गायक आणि सगळे वादक एकाच वेळी बसून गाणे मुद्रित करीत. एकाचा हात चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे ज्याचा हात पक्का आणि जो वेळेवर हजर, त्यालाच पुन्हा बोलावणे येई. दाम कामाप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे. गाणे पुढे वीस वर्षे वाजले तरी साजिंद्याचा हिशेब त्याच दिवशी मिटलेला असे.

मागच्या रांगेत उभा राहून डबल बेस वाजवणाऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याचा खर्ज काढून टाकला तर गाणे पोकळ वाटते. पण तो वाजतो आहे, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारे बरेचसे साजिंदे गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकल्यामुळे समोर कागद ठेवला की ते लगेच वाजवू शकत. सतार, सारंगी, तबल्याचे आपले उस्ताद मात्र सारे काही कानावर आणि आठवणीवर चालवीत.

गरजेपोटी धरलेली वाट

हलीम साहेबांचा जन्म मध्य प्रदेशातील जावऱ्याचा, १९२७ सालचा. त्यांच्या लहानपणीच कुटुंब मुंबईला आले. वडील जाफर खान स्वतः संगीतातले जाणकार. त्यांच्यानंतर बाबू खान बीनकार आणि मेहबूब खान यांच्याकडे हलीम साहेबांची तालीम झाली. वडिलांचा इन्तेकाल झाला आणि घरात पैशाची चणचण भासू लागली. नाइलाजाने त्यांनी चित्रपटांत वाजवण्याचे काम धरले.

ख्वाजा खुर्शीद अन्वर यांनी त्यांना १९४७ च्या ‘परवाना’ चित्रपटासाठी बोलावले. तेथून रस्ता खुला झाला. सी. रामचंद्र यांचा ‘अनारकली’ (१९५३), वसंत देसाई यांचे ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘गूंज उठी शहनाई’ (१९५९), नौशाद यांचे ‘कोहिनूर’ आणि ‘मुघल-ए-आझम’ (दोन्ही १९६०) या चित्रपटांत त्यांची सतार वाजली. ‘कोहिनूर’मध्ये पडद्यावर सतार वाजवताना दिसतात ते यूसुफ खान, अर्थात दिलीपकुमार. त्या प्रसंगात बोटे खरी वाटावीत म्हणून त्यांनी हलीम साहेबांकडे सतारीचे धडे घेतले होते. थिएटरात टाळ्या दिलीपकुमारांना पडल्या, गाण्याचे श्रेय मोहम्मद रफी आणि नौशाद यांना मिळाले. त्यात वावगे काही नाही. पण ज्याची सतार कानावर पडत होती, त्याचे नाव किती प्रेक्षकांना ठाऊक होते?

एकाच मालावर दुकान चालत नाही

मागणी असेल तेवढेच काम करून हलीम साहेब थांबले नाहीत, ही त्यांच्याकडून शिकण्याची पहिली गोष्ट. चित्रपटात दोन-चार मिनिटांचा तुकडा वाजवायचा आणि घरी येऊन तासन्‌तास रियाज करायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी कीरवाणी, लतांगी, कनकांगी असे दक्षिणेकडील राग सतारीवर आणले. चक्रधुन, खुसरवाणी असे नवे राग बांधले. १९५८ मध्ये अमेरिकेचे प्रसिद्ध जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक मुंबईत आले, तेव्हा त्यांच्याबरोबरही ते वाजवायला बसले. पुढे रविशंकर आणि विलायत खान यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. १९७० मध्ये पद्मश्री, १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००६ मध्ये पद्मभूषण मिळाले.

त्यांची वाजवण्याची रीत ‘जाफरखानी बाज’ म्हणून ओळखली जाते. उजव्या हाताने मिजराबचे आघात कमीत कमी करायचे आणि डाव्या हाताच्या बोटांनी जास्तीत जास्त स्वर काढायचे, हे तिचे मर्म. वडिलांचे नाव त्यांनी असे आपल्या कामाला जोडले.

हाताबरोबर कलमही

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. आपल्या अनेक कारागिरांप्रमाणे आपल्या उस्तादांतही हुनर लपवून ठेवण्याची सवय होती. मुलाला किंवा जावयाला सांगायचे, बाकी कोणाला नाही. मुलाने दुसरा धंदा धरला की हुनर उस्तादाबरोबर कब्रीत जाई. हलीम साहेबांनी उलटे केले. १९७६ मध्ये मुंबईत सतारीची अकादमी काढली. पुढे सत्तरी ओलांडल्यावर आपला बाज कसा वाजवायचा याचे ‘जाफरखानी बाज’ नावाचे पुस्तकच सीडीसह प्रसिद्ध केले. ४ जानेवारी २०१७ रोजी त्यांचा मुंबईत इन्तेकाल झाला. पुस्तक राहिले. आता तो बाज शिकू पाहणाऱ्याला कोणाच्या मेहरबानीची गरज नाही, आणि त्यावर नाव त्यांचेच आहे.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांना स्वतंत्र हक्क मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला वाटाही. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आणि रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच येत नाही, त्याला या वाट्यासाठी कलावंत धरले जात नाही. म्हणजे नाव ही नुसती मानाची बाब नाही, तिला पैशाचे मोल आहे. याउलट पुस्तकावरचा हक्क, लेखकाने तो विकून टाकला नसेल तर, त्याच्या हयातीत त्याचा आणि मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांचा. २०१७ मध्ये वारलेल्या लेखकाचा हक्क २०७७ अखेरपर्यंत चालतो.

आपण काय करावे?

मिरजेचे उदाहरण जवळचे आहे. तेथे सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारींचा जमाना सरला तेव्हा त्यांनी वाद्ये घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन तोंडी दाव्यावर मिळत नाही. मालाचा इतिहास काय, तो कसा बनतो आणि इतर ठिकाणच्या मालाहून वेगळा कसा, हे सारे लेखी पुराव्यानिशी मांडावे लागते.

म्हणून हिमरूचा विणकर असो, बिदरीचा कारागीर असो, की चांदीच्या तारा ओढणारा, प्रत्येकाने एक वही घालावी. नक्षीचे नाव, तारांची संख्या, रंगाचे प्रमाण, कोणत्या उस्तादाकडून शिकलो आणि कोणत्या साली काय बनवले, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. मोबाइलवर फोटो काढून तारीख टाकावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगून लिहून घ्यावे. तिला त्यानिमित्ताने घरचा धंदाही कळेल. माल देताना पावतीवर दुकानाबरोबर आपलेही नाव लिहिण्याचा आग्रह धरावा.

कुरआनात सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका असेही बजावले आहे. व्यापारी बांधव उधारी लिहितात. बापजाद्यांकडून मिळालेले हुनर हेही आपल्यावरचे एक देणेच आहे. त्याची नोंद आपल्या किती घरांत आहे?