ई-मेल वार्तापत्र : मायन्यापासून जिव्हाळ्यापर्यंत

मराठी पत्रलेखनात मायन्याला मोठे महत्त्व होते. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, तर परक्या गृहस्थांना ‘राजमान्य राजश्री’ असे लिहून पत्रलेखक आपले आणि वाचणाऱ्याचे नाते पहिल्याच ओळीत निश्चित करीत असे. आज अनेक लहानमोठे उद्योग आपल्या ग्राहकांना ई-मेलद्वारे नियमित वार्तापत्र पाठवितात. एकाच मजकुराच्या हजारो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर संगणक ग्राहकाचे नाव घालतो. परंतु केवळ नाव घातल्याने पत्र व्यक्तिगत होते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी चेन्नईसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्याबरोबर त्या वेळच्या मद्रासचाही त्यात समावेश होता. १९९६ मध्ये स्थापन झालेली आणि २००९ पासून झोहो या नावाने ओळखली जाणारी कंपनी, तसेच २०१० मध्ये सुरू झालेली फ्रेशवर्क्स या दोन्हींची पाळेमुळे याच शहरात आहेत. ग्राहकांशी संपर्क राखण्याच्या संगणकप्रणाली त्या जगभर पुरवितात. दुसरीकडे, १९५८ मध्ये वसविलेल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीपासून अंबत्तूरपर्यंत सुट्या भागांचे असंख्य लघुउद्योग येथे आहेत. जाहिरातीवर मोठा खर्च करणे ज्यांना परवडत नाही, अशा उद्योगांना वार्तापत्र हे स्वस्त व हुकमी साधन वाटते.

नावाचा पेच

व्यक्तिगत संबोधनाची पहिली ठेच याच शहरात लागते. संगणकीय अर्जात बहुधा ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात. ही रचना पाश्चात्त्य नामपद्धतीवर बेतलेली आहे. मराठी माणसाचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम तिच्यात कसाबसा बसतो. तमिळ नावांत मात्र आडनाव बहुधा नसतेच. गावाचे, वडिलांचे किंवा क्वचित आईचे आद्याक्षर आधी येते आणि व्यक्तीचे नाव शेवटी. एम. एस. स्वामिनाथन म्हणजे मनकोंबू सांबशिवन स्वामिनाथन. एम. एस. सुब्बुलक्ष्मी या नावातील आद्याक्षरे मदुरै हे गाव आणि षण्मुखवडिवु ही त्यांची आई यांची आहेत.

अशा नावातील पहिला शब्द उचलणारी प्रणाली ‘प्रिय एम.’ असे लिहून मोकळी होते. अर्ज भरताना आद्याक्षराचा विस्तार करून वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात लिहिलेले असेल, तर पत्र मुलाला जाते आणि नमस्कार वडिलांना! जवळीक दाखविण्यासाठी केलेला उपाय अशा प्रकारे परकेपणाची कबुली ठरतो. यावरील उपाय मात्र साधा आहे. ग्राहकाची नोंद करतानाच ‘आपणांस कोणत्या नावाने संबोधावे?’ हा एक रकाना वाढवावा. ‘तिरु’, ‘तिरुमती’ की काहीच नको. पत्र तमिळमध्ये हवे की इंग्रजीत, हेही त्याच वेळी विचारावे. उत्तर मिळाले नसेल, तर चुकीच्या नावापेक्षा ‘सप्रेम नमस्कार’ केव्हाही बरा.

आठवण हीच आपुलकी

नाव बरोबर असणे ही केवळ सुरुवात होय. गावातील जुना किराणा दुकानदार ग्राहकाला आपलासा वाटतो, तो नावाने हाक मारतो म्हणून नव्हे. तर मागच्या खेपेला डाळ नीट शिजली नाही, ही तक्रार त्याच्या लक्षात असते म्हणून. वार्तापत्रातही हेच तत्त्व लागू पडते. समजा, गिंडीतील एखादा कारखानदार पंप तयार करतो. त्याचे काही ग्राहक शेतकरी आहेत, काही गृहनिर्माण संस्था, तर काही पुण्या-नाशिकचे कारखाने. तिघांनाही एकच पत्र पाठविल्यास ते कोणाचेच होत नाही. खरेदीची तारीख, घेतलेली वस्तू आणि विचारलेला प्रश्न एवढ्या तीन नोंदींवरून यादीचे गट पाडता येतात. शेतकऱ्याला हंगामापूर्वी देखभालीची सूचना, तर कारखान्याला सुट्या भागांच्या उपलब्धतेची माहिती देता येते. ज्याने दुरुस्तीची तक्रार नोंदविली आहे, त्याला तिचे निवारण होईपर्यंत नव्या पंपाची जाहिरात न पाठविणे हीदेखील एक आपुलकीच आहे.

स्थानिक दिनमानाचे भानही असावे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा ‘आडि’ महिना तमिळनाडूत मंगल कार्यांसाठी वर्ज्य मानला जातो, म्हणूनच त्या काळात चेन्नईची कापडबाजारपेठ सवलतींनी गजबजते. डिसेंबर-जानेवारीत शहर संगीतसभांत रमलेले असते आणि पाठोपाठ पोंगल येतो. आषाढात लग्ने न करणाऱ्या मराठी वाचकाला यातील मर्म सांगावे लागणार नाही. ग्राहकाचे पंचांग ज्याला ठाऊक, त्याचे पत्र वेळेवर येते.

पत्राखाली विभागाच्या नावाऐवजी जबाबदार व्यक्तीची सही असावी आणि उत्तर पाठविल्यास ते कोणीतरी वाचावे. ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ असे बजावणारे पत्र संवाद नसून सूचनाफलक असतो.

विश्वासाचे गणित

१९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना न विचारता एकच जाहिरात पाठविली. नको असलेल्या व्यापारी पत्रांचा इतिहास तेथपासून सांगितला जातो. त्या वेळी वाचकाच्या हाती रागावण्यापलीकडे फारसे काही नव्हते. आज तसे नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू या सेवांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. प्रेषकाची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करणे आणि एका कळीसरशी यादीतून बाहेर पडण्याची सोय देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. नको असलेले पत्र म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखावे लागते. म्हणजे हजार वाचकांपैकी तिघांचा रोषही पुरेसा ठरतो.

लघुउद्योगाच्या दृष्टीने यातील धोका वार्तापत्रापुरता मर्यादित नाही. पत्त्याची पत घसरली, की त्याच पत्त्यावरून जाणारी दरपत्रके, देयके व मागणीच्या पोचपावत्याही अडगळीच्या कप्प्यात पडू शकतात. शंभर नवे ग्राहक मिळविण्याच्या नादात जुन्या ग्राहकाचे देयक हरवावे, असा हा व्यवहार होतो.

कायद्याची दिशाही हीच आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. टप्प्याटप्प्याने अमलात येणाऱ्या या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी लागते. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी त्यात अपेक्षा आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्यायही नागरिकाला मिळतो. प्रदर्शनात गोळा केलेली ओळखपत्रे किंवा विकत घेतलेल्या याद्या यांवर पत्रव्यवहार उभारण्याचे दिवस त्यामुळे सरत आले आहेत.

माहितीलाही मर्यादा हवी. ग्राहकाविषयी जे ठाऊक आहे ते सारे पत्रात दाखविणे म्हणजे जिव्हाळा नव्हे. ‘आपण काल रात्री आमचे पान तीनदा पाहिले’ असे वाचून ग्राहक सुखावत नाही, दचकतो. त्याने स्वतःहून जे सांगितले, तेवढ्याचाच उपयोग करावा.

यंत्राच्या साहाय्याने लाखो पत्रे क्षणात पाठविता येतात. परंतु कोणाला, केव्हा व काय पाठवू नये, हे ठरविण्यासाठी माणसाचे शहाणपण लागते. जुन्या पत्रांच्या अखेरीस ‘लोभ असावा’ असे लिहीत. तो लोभ मायन्यातील नावाने मिळत नसे, तर मधल्या मजकुराने मिळवावा लागे. ई-मेलच्या युगातही त्यात बदल झालेला नाही.