एका अक्षराची चूक, आणि मंगनीच्या आधीचा एक कागद

गेल्या हिवाळ्यात वडशाहून एका वाचक भगिनीचा फोन आला. मुलीचा रिश्ता बल्लारपूरच्या एका घरी ठरत आला होता. मंगनीची तारीख काढायची बाकी होती, आणि नेमका त्याच आठवड्यात कॉलेजात झालेल्या रक्ततपासणीचा कागद घरी आला. त्यावर लिहिलं होतं, 'सिकलसेल वाहक'. फुफीचं म्हणणं असं की कागद पेटीत ठेवा, मुलगी धडधाकट आहे, उगाच चर्चा कशाला? अम्मीला मात्र झोप लागेना. "लपवलं तर दगा होईल, सांगितलं तर मुलगी घरी बसेल. तुम्ही मासिकवाले, तुम्हीच सांगा काय करावं," असं त्या म्हणाल्या.

आम्ही डॉक्टर नाही. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या वाचकांकडून हा प्रश्न काही पहिल्यांदा आलेला नव्हता. म्हणून आम्ही वाचायला बसलो, जाणत्यांना विचारत गेलो. तेव्हा लक्षात आलं की आपल्या जंगलपट्टीतल्या या आजाराने जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना शंभर वर्षं कामाला लावलं आहे. रेणूंच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार, आणि त्याचे रुग्ण आपल्या शेजारच्या गल्लीत आहेत.

ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना वर्णन नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मूल वारंवार आजारी पडतं, अंगात रक्त कमी, डोळे पिवळे. अचानक हातपाय, कंबर, छाती अशी ठणकू लागते की मोठी माणसंही ओरडतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिश्रम यांतून दुखणं उसळतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हातान्हात राबणाऱ्या रुग्णाचे काय हाल होत असतील, ते सांगायला नको. कुणी याला गठिया म्हणतं, कुणी कावीळ, कुणी नजर. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला एका दवाखान्यात चार वर्षं गठियाच्या गोळ्या दिल्या गेल्या. सिकलची तपासणी कुणी लिहूनच दिली नाही.

आता या आजाराचं गुपित कसं उघडलं ते पाहू. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं. तांबड्या पेशी गोल, मऊ असतात, बारीक वाहिनीतून वाकून निघून जातात. या पेशी मात्र कडक, वाकड्या. त्या अडकतात, मागचं रक्त थांबतं, तिथे दुखणं उठतं. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून नाव पडलं.

पेशी वाकतात का, हे मात्र पुढची जवळपास चाळीस वर्षं कळलं नाही. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचं आणि निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. म्हणजे दोष पेशीच्या कवचात नाही, आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पॉलिंग यांनी याला 'रेणूचा आजार' म्हटलं. कुठल्याही आजाराबद्दल असं तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. त्याच वर्षी जेम्स नील यांनी दाखवलं की आईबाप दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडतं. एकाकडून आला तर ते फक्त वाहक राहतं.

मग आले व्हर्नन इन्ग्राम. हिटलरच्या जर्मनीतून कुटुंबासह इंग्लंडला आलेला हा माणूस केंब्रिजमध्ये काम करत होता. त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून कागदावर पसरवले आणि निरोगी व रोगी अशा दोन रक्तांचे ठसे शेजारी ठेवले. फरक एकाच ठिपक्याचा निघाला. हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यातला सहावा दुवा बदललेला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. बस, एवढंच. पुढे जनुकाची लिपी वाचता आल्यावर कळलं की तिथेही चूक एका अक्षराची आहे. शंभर पानांच्या पुस्तकात एक अक्षर चुकावं आणि त्यामुळे घरातलं मूल रात्रभर रडावं, हे आम्हाला वाचताना अजूनही पटकन खरं वाटत नाही.

एका अक्षराने काय काय बिघडतं, या प्रश्नावर त्याच सुमारास काम करणारा एक आपल्याकडचा माणूसही होता, आणि आमच्या वाचकांना त्याचं नाव माहीत असायला हवं. उबैद सिद्दीकी. जन्म १९३२, उत्तर प्रदेशातला बस्ती जिल्हा. अलिगढला शिकले, मग ग्लासगोला गेले. अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्यासोबत जिवाणूंवर काम करताना त्यांनी दाखवलं की काही चुकांमुळे प्रथिनाची साखळी मध्येच तुटते, आणि दुसऱ्या एका जनुकातला बदल ती चूक झाकूही शकतो. प्रथिनाचं वाचन कुठे थांबतं हे कळण्याच्या वाटेवरचं ते महत्त्वाचं पाऊल होतं. परदेशात नाव झालेलं असताना, होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही त्यांच्याच हातून घडलं. माशीला वास कसा कळतो, यावर ते उतारवयातही काम करत राहिले. २००६ साली पद्मविभूषण मिळालं, २०१३ मध्ये एका रस्ता अपघातानंतर ते गेले. सिकलसेलवर त्यांनी काम केलं नाही. पण या देशात जनुक वाचणारी जी पिढी तयार झाली, तिची एक मोठी शाळा त्यांची.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत. मध्य भारतातली नोंद १९५८ ची, नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी लॅन्सेट या नियतकालिकात छापलेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' संस्था सुरू केली, तेव्हा सुरुवातीच्या कामांत सिकलसेलची पाहणी होती. आजार आहे हे त्यांनी सिद्ध केलं. शासनाने दखलही घेतली. पण गावातल्या लोकांनी त्यात फार रस दाखवला नाही. त्यांनी हा प्रश्न मागितलाच नव्हता. डॉ. बंग हे मोकळेपणाने सांगतात, आणि आम्हाला ते मोठेपणाचं वाटतं. रक्ताचा निकाल हाती देऊन 'इलाज नाही' म्हटलं तर माणूस कागद पेटीतच ठेवणार. वडशाच्या फुफीने वेगळं काय केलं?

हा दोष जंगलपट्टीतच इतका का? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की वाहक माणसाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. गडचिरोलीचा मलेरिया सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने मुलं गेली, तिथे वाहक जगले आणि त्यांच्यासोबत हे जनुकही. ज्याला आपण घराण्याचा कलंक समजतो, त्यानेच कधी काळी कुणाचा तरी परदादा वाचवला असेल. आदिवासींमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, पण हा फक्त त्यांचा आजार नाही. इतर समाजांतही तो सापडतो.

अरबस्तानाशीही याचा धागा जुळतो. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी सिकलच्या जनुकाच्या आजूबाजूची ठेवण तपासली. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या आणि ओडिशातल्या रुग्णांत ती सारखी निघाली, आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी. म्हणजे ही चूक आशियात स्वतंत्रपणे झाली. शास्त्रज्ञ तिला 'अरब-भारतीय' ठेवण म्हणतात. या ठेवणीच्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकतं, आणि ते पेशींना वाकण्यापासून थोडं वाचवतं. मात्र त्यावर निश्चिंत होऊ नये. आपल्या विदर्भात याच ठेवणीची पुष्कळ मुलं गंभीर आजारी असतात, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांनी दाखवून दिलं आहे.

त्यांचंच दुसरं काम आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं जुनं, स्वस्त औषध गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. परदेशात ते मोठ्या मात्रेत देतात, आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावं लागतं. एटापल्लीच्या बापाने दर काही दिवसांनी नागपूरला यायचं कसं? डॉ. जैन आणि सहकाऱ्यांनी कमी, ठरावीक मात्रा देऊन पाहिली आणि दुखण्याचे झटके फार कमी झाले. २०१२ साली ते छापून आलं. औषध डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायचं, गरोदरपणात तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. पण 'इलाज नाही' हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही.

तपासणीसाठीही आता मुंबई गाठायची गरज नाही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्थेत डॉ. रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या आजारांवर अनेक वर्षं काम केलं. त्याच संस्थेचं केंद्र चंद्रपूरला उभं राहिलं असून डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. एक गोष्ट ध्यानात ठेवा. थेंबभर रक्तात औषध घालून पाहतात ती तपासणी फक्त दोष आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते पुढच्या तपासणीतच कळतं. ती करून घेतल्याशिवाय घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

जनुकावरच्या इलाजाचीही बातमी आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकाला कात्री लावून करायच्या उपचाराला मान्यता दिली. किंमत २२ लाख डॉलर, माणसाने पेपर मिटून ठेवावा अशी. दिल्लीत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती हे शास्त्रज्ञ देशी पद्धतीवर काम करतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला बिरसा मुंडांचं नाव देऊन 'बिरसा १०१' म्हणून जाहीर केलं गेलं. ती घरोघरच्या मुलांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल.

तोवर हिशोब सोपा आहे. वाहक माणूस आजारी नसतो. वाहकाचा निकाह निरोगी, म्हणजे वाहक नसलेल्या जोडीदाराशी झाला, तर एकही मूल सिकलचं रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची. 'एक झालं, आता पुढची तीन सुरक्षित' असं नसतं, दर वेळी डाव नव्याने पडतो. आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत रिश्ते होतात. दादा किंवा नाना यांच्यापैकी एक वाहक असेल तर प्रत्येक नातवाकडे तो दोष असण्याची शक्यता चारात एक. तेव्हा अशा घरांनी तर दोघांची तपासणी आधी करावीच. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहापूर्वी ही तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही आला तरी निर्णय त्या दोघांचाच राहतो. मुलीचाच कागद मागायचा आणि मुलाचा नाही, ही आमच्या मोहल्ल्यांतली रीत मात्र आम्हाला मान्य नाही. दोष दोघांकडून येतो, तर रक्तही दोघांचं बघा.

वडशाच्या त्या अम्मींना आम्ही एवढंच सांगितलं. त्यांनी कागद पेटीतून काढला आणि मुलाच्या घरी स्वतः नेला. मुलाचे अब्बा पहिल्यांदा गप्प झाले, मग म्हणाले, "आमच्याही पोराचं काढू." आठवडाभर दोन्ही घरांत कुणी नीट जेवलं नसेल. मुलाच्या रक्तात दोष निघाला नाही. निकाह रजबमध्ये झाला. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. धाकट्या दोघांना घेऊन त्या दवाखान्यात रांगेत उभ्या होत्या, आणि रक्त उपाशीपोटी द्यायचं का, एवढंच विचारत होत्या. नाही, उपाशी राहायची गरज नाही.