आरपार

मुलांना काय भेट द्यावी, हा प्रश्न हल्ली आई-बापांना पडत नाही. मुलंच सांगून टाकतात. बारावीची परीक्षा संपताच आमच्या लेकीने मागितली ती संगणकाची पेटी. रिकामी, आणि तीही आरपार दिसणारी!

घरी आलं ते मात्र एक चपटं खोकं. आत अ‍ॅक्रिलिकचे दहा-बारा तपकिरी तुकडे, स्क्रूंची पुडी आणि आकृत्यांचा कागद. "फसवलं की आपल्याला!" मी म्हणालो. ती हसली आणि नखाने कोपरा उचकटून वरचा कागद सर्रकन सोलला. खाली पाण्यासारखी नितळ पाटी.

हे अ‍ॅक्रिलिक म्हणजे काच नव्हे. वजन काचेच्या जेमतेम निम्मं, पण त्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्या याच्याच असत. फुटलेल्या खिडकीचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तरी डोळा ते सहन करतो, हे लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९ मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच पदार्थाचं भिंग बसवलं. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांतल्या भिंगाची कुळकथा ही अशी!

आमच्या जुन्या संगणकाची पत्र्याची पेटी गंजली होती. आतला ऐवज मात्र ठणठणीत. त्यातल्या हार्ड डिस्कवर माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी होत्या. तात्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मी उत्साहाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तर लेक म्हणाली, "बाबा, आधी प्रत काढू या. मग हात लावा." मला कधी सुचलंच नव्हतं! तासाभरात तात्या दोन ठिकाणी सुरक्षित झाले.

मग जुळणी. खालच्या पाटीवर पितळी खुंट्या, त्यांवर मदरबोर्ड. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. म्हणून कुणाचाही बोर्ड कुणाच्याही पेटीत बसतो. खुंट्यांमुळे बोर्डाच्या पाठीवरचे डाख पाटीला टेकत नाहीत.

बाजूची पाटी लावताना मी "घट्ट बसू दे" म्हणून स्क्रू अर्धा आटा जास्त फिरवला. 'टक्' असा बारीक आवाज. भोकापासून केसाएवढी तडा गेली. पत्रा थोडा वाकून सांभाळून घेतो. अ‍ॅक्रिलिक मात्र जास्त ताण आला की तडकतं. बोटांचे ठसे पुसायला सौभाग्यवती स्पिरिट घेऊन आल्या, त्यांनाही लेकीने अडवलं. लेझरने कापलेल्या कडांत ताण दडलेला असतो; स्पिरिट लागलं की तिथे भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

पत्र्याची पेटी आणखी एक काम मुकाट्याने करते. ती संगणकातून निघणाऱ्या रेडिओलहरी अडवते. अ‍ॅक्रिलिकला ते जमत नाही. जवळ मीडियम वेव्हचा रेडिओ लावला तर खरखर वाढू शकते. शिवाय स्थिर विजेमुळे धूळही फार चिकटते. शोभेची किंमत असतेच.

"तडा गेलेली पाटी बदलून मागवू का?" मी ओशाळून विचारलं.

"राहू द्या. स्क्रू सैल केलाय, आता वाढायची नाही."

संध्याकाळी बटण दाबलं. पंखा फिरू लागला, दिवे लागले. पेटीतली प्रत्येक वायर, प्रत्येक चकती डोळ्यांसमोर. लेकीने एक फाईल उघडली आणि घरभर तात्यांचा आवाज घुमला, "ऐका हं पोरांनो..."

मी नकळत पेटीत वाकून पाहिलं. सगळं आरपार दिसत होतं; तो आवाज तेवढा कुठे दिसत नव्हता. सौभाग्यवतींनी गॅस बंद केला आणि त्याही येऊन बसल्या.